लाल प्लास्टिकवरचा पांढरा टप: एका १/२४ मिनी कूपरचं प्रकरण

१९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क आणि त्याचा सहचालक हेन्री लिडन यांनी जी मिनी कूपर एस पहिली आणली, तिचा नोंदणी क्रमांक ३३ ईजेबी आणि रॅलीतला क्रमांक ३७. इंजिन अवघं १०७१ सीसीचं. अंग ‘टार्टन रेड’ लाल आणि टप ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’, म्हणजे किंचित सायीकडे झुकणारा पांढरा. मूळ गाडी आज इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहे. मॉडेल करणाऱ्यांना ही गाडी फार प्रिय. खरी मिनी ३.०५ मीटर लांब, म्हणजे १/२४ मापात, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शात, जेमतेम १२७ मिलिमीटर. एवढ्या छोट्या जागेत दोन स्वच्छ रंग, टपाभोवती फिरणारी पन्हळ (पावसाचं पाणी वाहून नेणारी खाच) आणि पत्र्याचे बाहेर डोकावणारे सांधे असं सगळं बसवायचं असतं. इतर गाड्यांचे सांधे आत लपवलेले असतात, मिनीचा रचनाकार इसिगोनिस याने तिचे बाहेरच ठेवले. त्यामुळे मिनीचं मॉडेल रंगवताना रंगाचं जाड पूट (थर) चढलं की ते लगेच उघडं पडतं. या प्रकरणात खरा प्रश्न तिथेच आला.

हे मॉडेल माझ्या एका मित्राचं. जुनं, न उघडलेलं किट, म्हणजे जोडून मॉडेल करायच्या सुट्या भागांचा संच, त्याच्या हाती लागलं होतं आणि बॉडी लाल प्लास्टिकमध्ये ओतलेली होती. किटचे भाग रंगीत प्लास्टिकमध्ये का ओततात ते उघड आहे. ज्याला रंगवायचं नाही त्यानेही जोडून ठेवावं आणि गाडी बरी दिसावी. रंगवणाऱ्याला मात्र ही सोय कधीकधी महागात पडते.

मित्राने काम रीतीनेच केलं होतं. बॉडी भांडी घासायच्या साबणाने धुतली, साच्याच्या रेघा घासून काढल्या, राखाडी लॅकर प्रायमरचा, म्हणजे झपाट्याने सुकणाऱ्या तीव्र द्रावणाच्या रंगातल्या पायाच्या थराचा, एक हात दिला आणि टपाला लॅकरचा पांढरा मारला. फिका रंग आधी, गडद नंतर, हा त्याचा क्रम अगदी बरोबर होता. पांढऱ्यात त्याने पिवळट तपकिरीचे थेंब मिसळून ओल्ड इंग्लिश व्हाइटची छटा बनवली होती. टप सुकला, छान दिसला. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, छटा जरा उबदार झाली आहे. आणखी दोन दिवसांनी शंकाच उरली नाही, टप गुलाबी झाला होता.

त्याने आधी आपल्या मिश्रणाला दोष दिला. तपकिरीत लाल अंश असतोच, प्रमाण चुकलं असेल, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने शुद्ध पांढऱ्याचा हात वरून दिला. टप पुन्हा पांढरा झाला आणि पुन्हा गुलाबी झाला. मग आणखी एक हात, या वेळी भरपूर ओला, म्हणजे एकदाचं झाकलं जाईल. या ओल्या हातानंतरचा गुलाबी आधीपेक्षाही गडद होता. बॉडी माझ्याकडे आली तेव्हा पन्हळीची खाच अर्धी बुजलेली होती आणि टपाची कड जिथे खांबांना मिळते तिथे रंग साचून गोल झाला होता.

अशा वेळी लगेच उपाय सुचवण्याचा मोह होतो. पण पांढऱ्यावर गुलाबी येण्याची कारणं एकाहून अधिक असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पहिली शक्यता, मिश्रणच चुकलं. ती सहज निकालात निघाली, कारण मित्राची एक चांगली सवय होती. छटा तपासायला त्याने तेच मिश्रण एका पांढऱ्या प्लास्टिकच्या चमच्यावर मारून ठेवलं होतं. चमचा अजून सायीसारखाच होता, गुलाबीचा लवलेशही नाही. दुसरी शक्यता, लाल रंगाची धूळ किंवा टेपखालून शिरलेला लाल. पण बॉडीला लाल रंग अजून लागलाच नव्हता. तिसरी शक्यता, पांढऱ्याचं पूट पातळ आणि खालचं लाल त्यातून दिसतंय. ही शक्यता पुष्कळांना फसवते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

पातळ पुटातून खालचा रंग दिसणं आणि खालचा रंग वर झिरपणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना ओळखायची खूण वेळेत आहे. रंग आरपार दिसत असेल तर तो मारल्या क्षणापासून तसाच दिसतो. सुकल्यावर थोडाफार फरक पडेल, पण तो दिवसागणिक वाढत नाही, आणि वरून हात दिला की कमी होऊन तसाच कमी राहतो. झिरपणारा रंग आधी दिसत नाही, मग हळूहळू चढतो, आणि वरून ओला हात दिला की नव्या जोमाने वर येतो. मित्राच्या टपाचं वागणं दुसऱ्या जातीचं होतं. दोष पांढऱ्यात नव्हता, लाल प्लास्टिकमध्ये होता.

लॅकर प्लास्टिकला इतका घट्ट का धरतो, याच प्रश्नात झिरपण्याचं कारण आहे. त्यातलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं, सुकताना उडून जाणारं द्रव) पॉलिस्टायरीनचा, म्हणजे किटच्या प्लास्टिकचा, वरचा पापुद्रा किंचित विरघळवतं आणि रंग त्यात रुजतो. आपल्याला हवी असलेली पकड तिथूनच येते. पण ज्या प्लास्टिकमध्ये लाल रंगद्रव्य सॉल्व्हंटमध्ये विरघळणाऱ्या जातीचं असतं, तिथे पापुद्रा मऊ होताच ते द्रव्यही मोकळं होतं आणि सॉल्व्हंटबरोबर वरच्या पुटात चढतं. पृष्ठभाग हाताला कोरडा लागला तरी आत सॉल्व्हंट दिवसेंदिवस रेंगाळतं, तोवर हा प्रवास चालू राहतो. नवा ओला हात म्हणजे नवं सॉल्व्हंट. ते खालची सगळी पुटं पुन्हा मऊ करतं आणि वाट पुन्हा मोकळी होते. राखाडी प्रायमर इथे भिंत होऊ शकत नाही. तोही लॅकरच, शिवाय वरचा रंग धरावा म्हणून मुद्दाम खरखरीत केलेला. तो वेग कमी करतो, एवढंच. सगळं लाल प्लास्टिक असं वागत नाही हेही खरं. एखादं किट कितीही पांढरं मारा, शांत बसतं, आणि दुसरं तशाच लाल रंगाचं, पण पहिल्याच हातात गुलाबी होतं.

कारण कळलं तरी उपाय ठरवायला पुरावा हवा होता. सुदैवाने टपाची आतली बाजू कोरी होती आणि स्प्रूवर, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, त्याच लाल प्लास्टिकचे बिनकामाचे भाग उरले होते. त्यांवर आम्ही पट्ट्या पाडल्या. एकीवर थेट पांढरा, दुसरीवर राखाडी प्रायमर आणि पांढरा. तिसरीवर प्रायमर, मग लॅकरचा चंदेरी, मग पांढरा. चौथीवर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर आणि वर पांढरा. सगळ्यांवर पांढरा मुद्दाम ओला मारला, कारण परीक्षा कठीण घेतली तरच तिचा उपयोग. भाग चाळीसेक अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवले. उबेत सॉल्व्हंट लवकर निघतं आणि जे व्हायचं ते लवकर होतं. पॉलिस्टायरीनला एवढी ऊब सोसते, पण त्याहून फार वर गेलात तर पातळ खांब वाकायला लागतात.

थेट पांढरी पट्टी रात्रीतच गुलाबी झाली. प्रायमरवाली मागाहून, पण शेवटी तितकीच. चंदेरी आणि पाण्याच्या प्रायमरवाल्या पट्ट्या चमच्याच्या छटेशी जुळत राहिल्या.

चंदेरीची गंमत अशी की तोसुद्धा लॅकर आहे, मग तो का थोपवतो? त्यातली ॲल्युमिनियमची पत्री पातळ आणि चपटी असते. रंग सुकताना ती आडवी पडते, एकीवर एक थर रचत जाते. धातूच्या पत्रीतून रंगद्रव्य आरपार जाऊ शकत नाही, त्याला प्रत्येक पत्रीला वळसा घालून वर यावं लागतं. तेवढ्यात सॉल्व्हंट उडून गेलेलं असतं आणि प्रवास अर्ध्यावरच संपतो. अट एकच, चंदेरी स्वतः ओला मारायचा नाही. ओला मारला तर त्याच्याच सॉल्व्हंटबरोबर लाल वर येईल आणि पत्रीत अडकण्याऐवजी तिच्या वर जाऊन बसेल.

पाण्याचा प्रायमर वेगळ्या मार्गाने काम करतो. पाणी त्या रंगद्रव्याला हातच लावत नाही. मग तो का नको? कारण टपाच्या कडेला टेप लावायची होती. आम्ही दोन्ही पट्ट्यांवर मास्किंग टेप घट्ट दाबून ओढून पाहिली. चंदेरीवाली पट्टी हलली नाही. पाण्याच्या प्रायमरवरचा रंग कडेला पापुद्र्यासारखा उचलला गेला. पाण्याचा प्रायमर प्लास्टिकवर बसतो, त्यात रुजत नाही. ज्या मॉडेलला दुसरा रंग आणि टेप नाही तिथे मी तोच निवडेन, त्याचा वासही सुसह्य असतो. इथे चंदेरी ठरला.

यापुढचा निर्णय मित्राला जड गेला. चंदेरी आहे त्या रंगावर मारायचा, की सगळा रंग उतरवून नव्याने सुरुवात करायची? आहे त्यावर मारला असता तर वेळ वाचला असता आणि गुलाबीही बहुधा थांबला असता. माझं मत ठाम उलट होतं आणि त्याला कारण मापाचं. १/२४ मॉडेलवर रंग ०.१ मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखं होतं. खऱ्या गाडीचा रंग सगळे थर मिळून ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे मॉडेलवर मापाला धरून रंग मारणं अशक्यच आहे आणि आपण कितीही जपलं तरी आधीच जाड असतो. म्हणून प्रत्येक जास्तीचं पूट तपशील खातं. एखाद्या गुळगुळीत, सपाट स्पोर्ट्स कारवर हे खपून जाईल. मिनीवर पन्हळ बुजली की टप आणि अंग यांची सीमाच पुसट होते आणि दोन रंगांची रेघ कुठे द्यायची हेही कळत नाही. मित्राने बॉडी हातात फिरवून पन्हळीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “काढून टाकू या.”

रंग उतरवायला जवळजवळ शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं. झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून ठेवायची आणि मधूनमधून मऊ ब्रशने घासायची. ॲसिटोन किंवा लॅकर थिनर इथे चालत नाही, ते रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळवतात. अल्कोहोल रंग विरघळवत नाही, मऊ करून सोडवतं, म्हणून वेळ लागतो. ते पेट घेतं, तेव्हा आसपास ज्योत नको, खिडकी उघडी हवी आणि हातात नायट्राइलचे मोजे हवेत. पांढरा रंग पापुद्र्यांनी निघाला. प्रायमर मात्र पन्हळीच्या तळाशी आणि दाराच्या रेघांत चिकटून राहिला. तो लाकडी टूथपिकने कोरून काढला. त्यासाठी धातूचं टोक वापरलं असतं तर खाचेला ओरखडे पडले असते. खिडक्यांचे खांब या काळात फार नाजूक असतात. बॉडी नेहमी खालच्या कडेला धरायची, टपावर दाब द्यायचा नाही.

उतरवल्यावर जे दिसलं त्यावरून निर्णय योग्य होता याची खात्री पटली. आधीच्या घासण्यात मागच्या कोपऱ्यातला एक सांधा बराच झिजला होता आणि जाड रंगाखाली ते कळलंच नव्हतं. तो पूर्ण खरवडून त्या जागी स्टायरीनची पाव मिलिमीटर जाडीची पट्टी पातळ सिमेंटने (प्लास्टिक जोडायच्या द्रवाने) बसवली. दाराच्या आणि बॉनेटच्या रेघा स्क्रायबरने (रेघा कोरायच्या हत्याराने) थोड्या खोल केल्या, कारण प्रायमर आणि रंग मिळून त्यांना थोडं भरणारच. मग पुन्हा साबणाचं पाणी, आणि त्यानंतर बॉडीला उघड्या बोटांचा स्पर्श नाही.

आता चंदेरी कुठे मारायचा? मित्राचा विचार होता पूर्ण बॉडीला. मी टपापुरता आणि पन्हळीच्या जरा खालीपर्यंत मारायला सांगितलं. लाल रंग अर्धपारदर्शक असतो. चंदेरीवर लाल मारला तर खालून चकाकी येते आणि गाडी धातूच्या छटेची दिसू लागते. टार्टन रेड सपाट, भरीव लाल आहे, त्यात चकाकी नाही. आणि लालाखाली लाल प्लास्टिक झिरपलं तरी बिघडत काहीच नाही. म्हणून खालच्या अंगाला फिका प्रायमर आणि टपाला चंदेरी, असे दोन पाये ठरले.

एअरब्रशला (हवेने रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीला) ०.३ मिलिमीटरची सुई, हवेचा दाब एक बारच्या जवळपास. चंदेरी लांबून, हलका फवारा, मध्ये पुरेसा वेळ सोडून. पहिल्या फवाऱ्यानंतर टप ठिपकेदार आणि विचित्र दिसतो, त्याने घाबरायचं नाही. सलग चंदेरी दिसेपर्यंत असंच जायचं. खिडक्यांच्या चौकटीच्या आतल्या कडांवरही मारायचा, कारण पांढऱ्याची कड तिथे लाल प्लास्टिकला टेकते. हे मित्राला सांगितलं होतं, तरी मागच्या काचेच्या एका कोपऱ्यात चंदेरी नीट पोहोचला नाही. ते नंतर कळलं.

पांढऱ्याचे हातही पातळ दिले. चंदेरी अपारदर्शक असल्याने पांढऱ्यातून खालचं लाल दिसेल की काय ही चिंता नसते, फक्त करडेपणा जाईपर्यंत थांबायचं. इथे एक गोष्ट मित्राला करायची नव्हती आणि मी करायला लावली. पांढरा झाल्यावर लगेच टेप लावून लालाकडे वळायचं नाही. झिरपणं दिवसांनी दिसतं, म्हणून टप चमच्याशेजारी ठेवून वाट पाहायची. लाल मारल्यावर गुलाबी आला असता तर दोन्ही रंग उतरवावे लागले असते. टप बदलला नाही.

मग टेप पन्हळीच्या खाचेत बसवली. अरुंद पट्टी आधी, वळणावर छोटे तुकडे, वरच्या भागाला कागद. लाल मारण्याआधी टेपच्या कडेवर पुन्हा पांढऱ्याचाच एक हलका फवारा. टेपखाली जी फट असेल ती पांढऱ्याने भरते, मग लालाला आत जायला जागाच उरत नाही. ही युक्ती साधी आहे आणि मी ती कोणत्याही दोनरंगी कामात सोडत नाही.

चकाकीबद्दल आमचा मतभेद झाला. मित्राला वरून क्लिअरचे, म्हणजे बिनरंगी पारदर्शक लॅकरचे, जाड, काचेसारखे हात हवे होते. पण १९६४ च्या गाडीवर क्लिअर कोट नसायचा, चमक रंगाचीच असायची. खोल काचेरी चकाकी त्या मिनीला शोभत नाही. शिवाय धोका खरा होता. लाल आणि पांढऱ्याच्या सीमेवर ओला लॅकर क्लिअर पडला तर लाल रंग पांढऱ्यात ओढला जाऊ शकतो, म्हणजे इतक्या खटाटोपानंतर गुलाबी वरून आला असता. शेवटी डेकल (पाण्याने चिकटवायची छापील चित्रं) सांभाळायला अंगापुरता पातळ क्लिअर ठरला, पहिले फवारे जवळजवळ कोरडे, टप झाकलेला. सुरुवातीला कोरडा मारण्याचं आणखी एक कारण डेकल हेच. ओल्या लॅकरखाली डेकल सुरकुततं.

डेकलमध्येही पांढऱ्याचा प्रश्न पुन्हा भेटला, वेगळ्या रूपात. लाल अंगावर लावताच डेकलचा पांढरा भाग फिकट गुलाबी दिसला. मित्राचा चेहरा उतरला. पण हे झिरपणं नव्हतं. डेकलवरची पांढरी शाई पातळ होती आणि लाल आरपार दिसत होतं. लावताक्षणी दिसलं आणि नंतर तसूभरही वाढलं नाही. जिथे किटमध्ये जास्तीचं डेकल होतं तिथे एकावर एक अशी दोन लावली, आणि जिथे नव्हतं तिथे आधी टेपने आकार झाकून पांढरा मारला.

पॉलिशला टप आधी, अंग नंतर. लाल रंग घासताना कापड लाल होतं आणि तेच कापड टपाला लागलं तर पांढऱ्याच्या बारीक ओरखड्यांत लाल भरतो. कापडं वेगळी, बोटांवरचे मोजेही बदललेले. सांध्यांच्या आणि पन्हळीच्या कडांवर पॉलिश पेपर चालवायचाच नाही. कडेवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे तो निघायला वेळ लागत नाही.

काही महिन्यांनी मी मॉडेल पुन्हा पाहिलं. टप चमच्याच्या छटेचा आहे. पन्हळ सबंध लांबीत दिसते आणि मागच्या कोपऱ्यातला बदललेला सांधा मूळचाच वाटतो. जिथे चंदेरी पोहोचला नव्हता, त्या मागच्या काचेच्या कोपऱ्यात केसाएवढी गुलाबी रेघ आली होती. खऱ्या मिनीच्या काचेभोवती काळं रबर असतं आणि किटमध्ये ते बॉडीवरच कोरलेलं आहे. मित्राने रबराचा काळा रंग त्या रेघेवरून नेला.

प्रायमर-चंदेरी-पांढऱ्याची ती चाचणीची पट्टी त्याने लेबल लावून ठेवली आहे. त्याच्याकडे आणखी एक लाल प्लास्टिकचं किट पडून आहे, पण दुसऱ्या कंपनीचं. त्यासाठी ही पट्टी पुरावा म्हणून धरू नकोस, असं मी त्याला सांगितलं, कारण रंगद्रव्य वेगळं असू शकतं. त्या किटच्या स्प्रूवर त्याने नव्या पट्ट्या मारल्या आहेत आणि आतापर्यंत थेट पांढरी पट्टीसुद्धा पांढरीच आहे. तसंच राहिलं तर तिथे चंदेरीचं एक पूट वाचेल.